३१६ स्टेनलेसमध्ये एम८चा टॅप सारखा तुटतोय, चूक टॅपची की भोकाची?

कुठ्ठाळी_फॅब

ट्रॉलरच्या रेलिंगच्या बेसप्लेटी आहेत. ३१६ स्टेनलेस, जाडी २० मिमी, दहा प्लेटी. प्रत्येकीत एम८ची (८ मिमी बोल्टाच्या आट्यांची) आठ भोके: चार आरपार, चार बंद. बंद भोके ड्रिलच्या टोकापर्यंत १८ मिमी खोल, खालून पाणी वर येऊ नये म्हणून.

सध्याची पद्धत अशी. ६.५चे साधे एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल (६.८ दुकानात नव्हते), बेंच ड्रिल १४०० आरपीएमवर, कूलंट म्हणून पाण्यात मिसळायचे पांढरे तेल. नंतर तीन टॅपचा (टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचे हत्यार) हँडसेट, अर्धा फेरा पुढे नि पाव फेरा मागे. पहिला टॅप निमूट जातो. दुसरा ८-९ मिमीवर जड होतो, किर्र वाजतो आणि तुटतो. बारा भोकांत तीन टॅप गेले, त्यांतले दोन तुकडे अजून आतच आहेत.

विचारायचे ते:
१) टॅप हलका आहे की माझे काही चुकते?
२) ६.८ मिळत नसेल तर सरळ ७ मारू का?
३) खोबरेल तेल चालते असे दोघातिघांनी सांगितले, खरे का?

मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, त्याआधी प्लेटी बसायला हव्यात.

---

वेर्णा_टूलरूम

टॅप कुठल्या कंपनीचा आहे ते विचारतसुद्धा नाही. तुमच्या भोकात कुठलाही टॅप तुटेल.

एम८ × १.२५च्या (दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर) आट्याचा आतला व्यास मुळात ६.६४७ मिमी. तुमचे भोक ६.५. म्हणजे टॅपच्या दोन दातांमधल्या खाचेचा तळसुद्धा भोकाच्या भिंतीला घासतो, दाबलेल्या धातूला जायला जागाच उरत नाही. त्यात ३१६ चिवट. आटा पडताना धातू थोडा आत फुगतो, त्यामुळे भोक आणखी आवळते. हिशेबाने ६.५ मध्ये आट्याची भर (पूर्ण उंचीच्या किती टक्के आटा पडतो ते) ९२ टक्के येते, ६.८ मध्ये ७४. वरच्या त्या १८ टक्क्यांनी पकड नावापुरती वाढते, टॅपवरचा पीळ मात्र भलताच वाढतो. पहिला टॅप जातो त्याचे कारण तो मुद्दाम बारीक केलेला असतो, पुरता आटा तो पाडतच नाही. खरा भार दुसऱ्यावर येतो आणि तो तुटतो.

दुसरी गोष्ट वेगाची. ६.५चे ड्रिल १४०० आरपीएमवर म्हणजे मिनिटाला साधारण २८ मीटर कापण्याचा वेग. माइल्ड स्टीलला चालून जाईल. ३१६ला एचएसएस ड्रिलने १०-१२ मीटरच्या वर जाऊ नका. ६.८ला ते ५०० ते ५५० आरपीएम होतात. पुलीचा पट्टा खालच्या पायरीवर टाका. वेग जास्त नि दाब कमी असला की ड्रिल कापत नाही, घासते. घासले की ३१६ची कातडी कडक होते. मग त्या कडक नळीत तुम्ही टॅप घालता. भोकाची आतली भिंत आरशासारखी चकचकीत दिसत असेल तर समजा की कडक झाली आहे. नीट कापलेल्या भोकाची भिंत मंद करडी दिसते आणि ड्रिलमधून लांब, जाड कीस येतो.

आता करायचे कसे.

सेंटर पंच जोरात ठोकू नका. त्या ठोक्यानेसुद्धा स्टेनलेस जागेवर कडक होते आणि ड्रिल पहिल्याच क्षणी घसरते. हलकी खूण करा, नाहीतर आखूड स्पॉट ड्रिल वापरा. ड्रिल कोबाल्टचे, १३५ अंशाच्या टोकाचे घ्या. प्लेट पक्की आवळा आणि दाब एकसारखा ठेवा. दर फेऱ्याला ०.१ मिमी धरा, म्हणजे ५५० आरपीएमवर २० मिमी भोक वीस-बावीस सेकंदांत व्हायला हवे. मिनिटभर लागत असेल तर तुम्ही घासताय. कीस काढायला ड्रिल वर घ्याल तेव्हा पूर्ण बाहेर घ्या आणि खाली गेल्यावर लगेच दाब द्या. तळाशी ड्रिल नुसते फिरत ठेवले की संपले.

भोक झाल्यावर ९० अंशाच्या काउंटरसिंकने तोंड ८.५ पर्यंत उघडा. टॅप सरळ धरतो आणि वरचा पहिला आटा फुगून बर (कडेला उभा राहिलेला धातू) येत नाही.

जी भोके ६.५ची झालीत ती ६.८ करताना प्रत्येक बाजूला फक्त ०.१५ मिमी उरते, तीही कडक कातडी. नवे धारदार कोबाल्ट ड्रिल, ३००-३५० आरपीएम, भरपूर तेल आणि हात न अडखळता एका दमात. अर्ध्यात थांबलात तर तिथे कडा राहील आणि टॅप नेमका तिथेच अडेल.

---

म्हापसा_लेथ

वरचे सगळे बरोबर. टॅपचे सांगतो, कारण आरपार आणि बंद भोकाला एकच टॅप वापरणे हीसुद्धा चूकच आहे.

आरपार भोकांना स्पायरल पॉइंट घ्या, ज्याला दुकानदार गन टॅप म्हणतात. खाचा सरळ, पण टोकाला तिरकी धार. तो कीस पुढे ढकलतो आणि भोकातून खाली पाडतो. याला मागे फिरवायची गरज नाही. फिरवलात तर लांब कीस चिरडून दातांत अडकतो. पुढे चालत राहायचे, बस्स.

बंद भोकांना स्पायरल फ्लूट, ड्रिलसारख्या पिळाच्या खाचांचा. तो कीस वर ओढतो. गन टॅप बंद भोकात घातला तर सगळा कीस तळाशी कोंबला जातो आणि टॅप तिथेच बसतो. स्पायरल फ्लूटचा गाभा बारीक असतो, तो पीळ सोसतो पण बाजूचा धक्का सोसत नाही. म्हणून हाताने मोकळा मारू नका, खाली सांगतो तसा आधार द्या.

हँडसेटच्या सरळ खाचांचा टॅप बीड, पितळ आणि आखूड भोकांना उत्तम. बीडाचा कीस भुकटीसारखा पडतो, त्याला ना पुढे ढकलायला लागते ना वर ओढायला. स्टेनलेसला मात्र तो कीस खाचेतच साठवतो.

घेताना टॅपच्या दांड्यावर काय कोरले आहे ते वाचा. एम८ × १.२५, ६एच (आट्याच्या मापातली मान्य सूट) आणि एचएसएस-ई, म्हणजे कोबाल्टवाला. नुसते एचएसएस नको. बऱ्याच कंपन्या स्टेनलेसच्या टॅपला निळी पट्टी देतात, पण पट्टीवर भिस्त ठेवू नका, सगळ्यांचे रंग सारखे नसतात. काळसर, वाफेवर ऑक्साइड केलेला टॅप ३१६ला चांगला, कारण धातू दाताला चिकटत नाही. टायटॅनियमचा सोनेरी मुलामाही चालतो. टोटेम, एमके ही नावे मडगावच्या नि पणजीच्या दुकानांत ओळखीची आहेत, पण एचएसएस-ई स्पायरल फ्लूट बहुतेक मागवावाच लागेल. आताच सांगून ठेवा.

आधार असा: भोक पाडल्यावर प्लेट जागची हलवू नका. ड्रिल काढून त्याच चकमध्ये टॅप धरा, मशीनचा प्लग काढून ठेवा आणि चक हाताने फिरवा. हँडल हलक्या हाताने खाली. पाच-सहा फेरे झाले की आटा स्वतः टॅपला ओढतो, मग चक सोडून टॅप हँडल लावा. मोटर चालू करून टॅप मारायचा विचारही नको. उलटे फिरणारे टॅपिंग हेड असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा एम८ला ३१६ मध्ये १६० ते २४० आरपीएम.

हँडल आखूडच ठेवा. लांब दांड्याला जोर लागत नाही म्हणून टॅप कुरकुरतोय ते हाताला कळत नाही. आणि दोन्ही हात सारखे. एका हाताने एका बाजूला दाबलेला टॅप हमखास तुटतो.

खोबरेल तेल: ॲल्युमिनियमला आणि माइल्ड स्टीलला हाताने टॅप मारताना वाईट नाही. वनस्पती तेल धातूला चिकटून राहते. गोव्यात ते बाटलीत गोठायची भीतीही फारशी नाही. पण ३१६ला पुरत नाही. तिथे धारेशी इतका दाब येतो की तेलाची पापुद्री फाटते. गंधक किंवा क्लोरीनयुक्त घट्ट टॅपिंग तेल किंवा टॅपिंगची पेस्ट लागते. पांढरे पाणी ड्रिलला ठेवा, टॅपला नको.

---

फोंडा_क्यूसी

७ मारू नका. ६एच आट्याचा आतला व्यास ६.६४७ ते ६.९१२ मध्ये हवा. ड्रिल नेहमी थोडे मोठेच भोक पाडते, ०.०५ ते ०.१ मिमी धरा. ६.८च्या ड्रिलने ६.८५-६.९ येते, हद्दीत. ७च्या ड्रिलने ७.०५ आले की आट्याची भर साठ टक्क्यांच्या खाली. गो प्लग (आत जायलाच हवा असा गेज) जाईल, आटा दिसेलही, पण आतल्या व्यासाचा नो-गो प्लग (जाता कामा नये असा गेज) भोकात जाईल आणि माल परत.

---

म्हापसा_लेथ

रेलिंगला गेज कोण लावतो? आरपार भोकांना ६.९ चालेल असे मी म्हणेन. ६८ टक्के भर आहे आणि २० मिमी लांब आटा आहे. टॅप किती हलका जातो ते बघा.

---

फोंडा_क्यूसी

६.९ला माझा विरोध नाही, ७ला आहे. पण मग २० मिमी आटा पाडताच कशाला? स्टीलमध्ये बोल्टच्या व्यासाएवढा आटा पुरतो, म्हणजे ८ मिमी. १२ धरा, ऐसपैस झाले. आरपार भोकांत मागच्या बाजूने ८.५चे ड्रिल ८ मिमी आत न्या. टॅपला फक्त १२ मिमी कापायचे राहील, कीसही मागून मोकळा पडेल. अर्धी टॅपमोड तिथेच थांबते. बीडात दीडपट, ॲल्युमिनियममध्ये दुप्पट धरा.

बंद भोकांचा हिशेबही करून टाकतो. १८ मिमी खोल, त्यातले १३५ अंशाचे टोक साधारण १.४ मिमी. सरळ भिंत उरली १६.६. टॅपच्या पुढच्या निमुळत्या भागात अडीच आटे धरले तर ३.१ मिमी. एक मिमी मोकळी जागा सोडा. पुरता आटा मिळतो साधारण १२.५. बोल्ट ११ मिमीपेक्षा जास्त आत जाणार नाही असाच कापा, नाहीतर तळाला टेकून आवळल्याचा भास होईल आणि रेलिंग हलत राहील. टॅपवर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा.

---

कुठ्ठाळी_फॅब

६.८ कोबाल्ट आणि दोन्ही टॅप मागवले. पट्टा खाली टाकून नुसते ड्रिल करून बघितले, किसाचा फरक लगेच दिसतो. मागून ८.५ उघडायची कल्पना मस्त, तशीच करतो.

आता आतले दोन तुकडे. एक पृष्ठभागाच्या वर दोनेक मिमी आहे, दुसरा खोल गेलाय, बंद भोकात.

आणि आणखी एक. याच माणसाच्या जुन्या बार्जवर पंपाचे कव्हर आहे, बीडाचे. तो म्हणतो ‘चार सूत बोल्ट, आटे खराब झालेत, पुन्हा मारून दे’. माझ्याकडे १/२ इंचाचा एक टॅप आहे, त्यावर यूएनसी लिहिलेय. चालेल?

---

वेर्णा_टूलरूम

वर आलेल्या तुकड्यासाठी: त्यावर एम८चा नट ठेवा आणि नटाच्या भोकातून तुकड्याला वेल्ड भरा. तुकडा एचएसएस असल्याने वेल्ड ठिसूळ होते, दोन-तीनदा नट सुटेल, वैतागू नका. वेल्ड गार होऊ द्या, चांगले झिरपणारे तेल घाला आणि नट आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, असा डोलवत काढा.

खोल गेलेल्याला टॅप एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे खाचांत घुसणाऱ्या बोटांचा. टॅपला किती खाचा आहेत ते मोजून मगच घ्या, तीन आणि चारचे वेगळे असतात. आधी सुईने आणि हवेने कीस साफ करा. डोळ्यांवर चश्मा हवाच, तुटलेल्या टॅपचा चुरा काचेसारखा उडतो. बोटे वाकायला लागली तर थांबा.

न निघाल्यास स्पार्क इरोशन, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू जाळणे. वेर्ण्याला किंवा कुंडईला डाय-मोल्डचे काम करणाऱ्या टूलरूममध्ये विचारा. टॅपच्या गाभ्यापेक्षा किंचित जाड तांब्याच्या इलेक्ट्रोडने मध्यभाग जाळतात, मग दात सुटे होतात आणि चिमट्याने निघतात. आट्याला धक्का लागत नाही. एका भोकासाठी अख्खी प्लेट टाकण्यापेक्षा स्वस्त पडते.

हे करू नका: पंचाने ठोकून फोडणे. आरपार भोकात एखाद वेळ साधते, बंद भोकात तुकडे एकमेकांत पाचरीसारखे बसतात. साध्या ड्रिलने टॅप ड्रिल करायलाही जाऊ नका, एचएसएसला एचएसएस कापत नाही. ड्रिल बाजूला सरकून मऊ ३१६ खाईल आणि भोक अंडाकृती होईल.

ॲल्युमिनियममध्ये तुटला असता तर तुरटीचे गरम घट्ट पाणी सोपे होते. तुरटी लोखंड खाते, ॲल्युमिनियमला जवळजवळ हात लावत नाही. काही तास ते एक दिवस लागतो, मधून मधून पाणी बदलायचे. त्या तुकड्यात दुसरा कुठला स्टीलचा भाग बसवलेला नाही ना, तेवढे बघून घ्या.

---

वास्को_मरीन

सुताचे मी सांगतो. एक सूत म्हणजे १/८ इंच, तेव्हा चार सूत म्हणजे १/२ इंच. पण टॅप लावायच्या आधी थ्रेड गेज लावा, कारण १/२ इंच नेमका फसवा आकार आहे. जुन्या यंत्रांवर व्हिटवर्थ असतो, म्हणजे बीएसडब्ल्यू. १/२ बीएसडब्ल्यूला इंचात १२ आटे, १/२ यूएनसीला (अमेरिकन इंची आटा) १३. कोनही वेगळे, व्हिटवर्थ ५५ अंश, यूएनसी ६०. तुमचा यूएनसी टॅप बीडात घातलात तर तो जुने आटे आडवे कापत जाईल. पहिले तीन-चार आटे पडतील तेव्हा ठीक वाटेल, पुढे सगळा चुरा. दोन सूत (१/४, २० आटे), अडीच सूत (५/१६, १८) आणि तीन सूत (३/८, १६) यांत मात्र दोन्हींचे आटे मोजायला सारखे, फरक फक्त कोनाचा. बोल्ट एकमेकांत जातो म्हणून लोक निर्धास्त असतात.

पंपावर पाइपचे जोडही असतील. तिथे १/२ आणि ३/४ मध्ये बीएसपी (ब्रिटिश पाइप आटा) नि एनपीटी (अमेरिकन पाइप आटा) दोन्हींना इंचात १४ आटे. जोड सुरू होतो, टेपही बसतो आणि दाब आला की गळतो. १/२ बीएसपीचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिमी, सरळ आट्याला १९चे ड्रिल. म्हणजे ‘चार सूत’ पाइप आणि ‘चार सूत’ बोल्ट यांत आठ मिमीचा फरक! गिऱ्हाइकाला आधी हे विचारून घ्या.

बीडाला टॅप कोरडा किंवा रॉकेलचे दोन थेंब. घट्ट तेल घातले तर भुकटीचा लगदा होऊन खाचा भरतात. आटे अगदीच गेले असतील तर हेलिकॉइल (भोकात बसवायची तारेची आट्यांची नळी) बसवा. त्याला त्याचा वेगळा टॅप लागतो, नेहमीचा चालत नाही. उदाहरणार्थ एम८च्या हेलिकॉइलला भोक ८.३ किंवा ८.४.

आणि रेलिंग बसवताना: ३१६ बोल्ट ३१६ आट्यात कोरडा कधीच आवळू नका. ए४-७० (३१६च्या जातीचे) लिहिलेले बोल्ट घ्या, आट्यांना निकेलची अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट लावा आणि हाताने सावकाश फिरवा. इम्पॅक्ट गन लावलीत तर आटे गरम होऊन एकमेकांना चिकटतात आणि बोल्ट अर्ध्यावर जाम होतो. मग मागेही येत नाही, डोकेच तुटते.

---

कुठ्ठाळी_फॅब

पंपाच्या बोल्टाला गेज लावला, १२ आटे निघाले. म्हणजे व्हिटवर्थ. यूएनसीचा टॅप परत खोक्यात.

जाता जाता: नवे टॅप आले की पावसात ठेवायचे कसे? खोक्यातल्या जुन्या सेटवर तांबूस डाग आहेत.

---

म्हापसा_लेथ

डाग धारेवर असतील तर ते टॅप स्टेनलेसला नकोत. बीडाला वापरा, तिथे खपून जातील. धार नखावर टेकवून बघा, घसरली तर गेली. नवे टॅप वापरून झाले की ब्रशने कीस काढा, रॉकेलने धुऊन पुसा आणि पातळ मशीन तेल लावून प्रत्येक वेगळा गंजरोधक कागदात गुंडाळा. लाकडी खोक्यात एकमेकांवर टाकू नका, लाकूड ओल धरते आणि दात एकमेकांवर आपटून टवके उडतात. बंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, जून ते सप्टेंबर ती दर पंधरवड्याला तव्यावर मंद आचेवर तापवून कोरडी करून घ्या.